नाकारलेली डिसॅबिलिटी पेन्शन: बोर्डाच्या कागदापासून मुंबईच्या ट्रायब्युनलपर्यंत

रेकॉर्ड ऑफिसच्या, म्हणजे फौजेत तुमचे कागद सांभाळणाऱ्या कचेरीच्या, पत्रात बाकी काहीही असो, एक वाक्य हमखास असतं: तुमचा आजार ‘नीदर ॲट्रिब्युटेबल टू नॉर ॲग्रॅव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस’. म्हणजे तो नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीत वाढलाही नाही, सबब अपंगत्वाची पेन्शन नाही. हे पत्र आलं की काही जण ते ट्रंकेत टाकून देवावर हवाला ठेवतात, काही जण त्याच दिवशी वकिलाकडे पळतात. दोघंही तो मूळ कागद वाचत नाहीत, ज्याच्या जोरावर हे पत्र निघालेलं असतं.

मी फौजेत क्लार्क होतो, सुभेदार होऊन घरी आलो. आता खटाव तालुक्यात आमच्या माजी सैनिक संघटनेच्या खोलीत बसून लोकांचे कागद बघतो. वकील नाही, डॉक्टरही नाही. पण जेवढ्या फायली डोळ्यांखालून गेल्या त्यावरून एक गोष्ट छातीठोक सांगतो: ही केस भाषणानं जिंकली जात नाही. मेडिकल बोर्डाच्या फॉर्मवर कारणाचा एक रकाना असतो. त्यात डॉक्टर साहेबांनी काय लिहिलं आणि काय लिहायचं सोडलं, यावर सगळं ठरतं. ट्रायब्युनल, म्हणजे सशस्त्र सेना न्यायाधिकरण, तुम्हाला पुन्हा तपासत नाही, तुमची नाडी बघत नाही. तो कागद वाचतो.

आधी कागद मिळवा

लागतात ते कागद असे: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) असेल तर तो, नाकारल्याचं पत्र, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे नोकरी सुटताना झालेल्या तपासणीची, पूर्ण प्रोसीडिंग, फॉर्म एएफएमएसएफ-१६. बोर्डआउट होऊन, म्हणजे तब्येतीमुळे मुदतीआधी नोकरीतून काढलं जाऊन, आला असाल तर इन्व्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाची. त्याशिवाय भरतीच्या वेळचा मेडिकल, आणि मधल्या काळात लो मेडिकल कॅटेगरीत (तब्येतीमुळे खालच्या वर्गात) टाकलं असेल तर त्या प्रत्येक बोर्डाचा कागद. जखमेची केस असेल तर इंजुरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचा निष्कर्ष.

हे सगळं तुमच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, आर्टिलरीचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, महार रेजिमेंटचं सागरला, ईएमईचं सिकंदराबादला. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आर्मी नंबर, रँक, नाव, डिस्चार्जची तारीख आणि ओळखपत्राची झेरॉक्स. अर्जात ‘माझ्या आजाराची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. ‘माझ्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या प्रोसीडिंगच्या सर्व पानांची साक्षांकित प्रत’ असं लिहा. मोघम विचारलं की उत्तरही मोघम येतं, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून शिकलोय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

ज्यांना कसलीच पेन्शन नाही, पाच-सात वर्षांत बोर्डआउट होऊन आलेत, त्यांनी हे काम आजच करावं. पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. ‘रेकॉर्ड नष्ट झालं’ या एका उत्तरावर चांगली केस लंगडी होते. मग हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप आणि घरी ट्रंकेत राहिलेलं एखादं जुनं पत्र हाच आधार उरतो. म्हणून वहिनींना सांगून ठेवा, साहेबांचा एकही पिवळा कागद रद्दीत जाता कामा नये.

एएफएमएसएफ-१६ कसा वाचायचा

चहा करून निवांत बसा आणि पानावर पान वाचा. सुरुवातीला तुमचा स्वतःचा जबाब असतो. कुठल्या युनिटमध्ये, कुठल्या ठिकाणी, किती काळ, फील्ड (सीमेवरची किंवा मोहिमेची नेमणूक) की पीस (शांततेतली छावणी). आजार पहिल्यांदा कधी आणि कुठे झाला. त्यातच एक प्रश्न असतो: फौजेत येण्याआधी हा त्रास होता का? बहुतेकांनी ‘नो’ लिहिलेलं असतं. ते पान जपा. काही वेळा मात्र भरणारा दुसराच कोणी असतो आणि सही तुमची असते, तेव्हा आपण नक्की काय लिहून दिलंय ते आधी तपासा.

मग कमांडिंग ऑफिसरनं भरलेला भाग येतो. तुमची ड्यूटी काय होती, तिच्यात विशेष ताण होता का. सीओ साहेबांनी तिथं ‘होय’ लिहिलं असेल आणि बोर्डानं त्याकडे ढुंकूनही बघितलं नसेल, तर तुमच्या हाती मोठा मुद्दा आला. हृदयविकाराच्या केसमध्ये तर झटका येण्याआधीच्या चौदा दिवसांत माणूस काय काम करत होता, हे युनिटकडून मागवायचं असतं. ते मागवलं होतं का, आलं होतं का, बघा.

आणि मग बोर्डाचं मत. एक तक्ता असतो. आजाराचं नाव, सर्व्हिसमुळे झाला का, सर्व्हिसमध्ये वाढला का, सर्व्हिसशी संबंध नाही का, आणि शेवटी कारणाचा रकाना. आपली केस या रकान्यात आहे. मी पाहिलेल्या फायलींत तिथं बहुधा यापैकी काहीतरी असतं: ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसीज’ (शरीराच्या मूळ घडणीतला आजार), ‘लाइफस्टाइल डिसऑर्डर’, ‘ऑनसेट इन पीस स्टेशन’, किंवा नुसता मेडिकल ऑफिसरांच्या गाइडमधल्या एखाद्या परिच्छेदाचा नंबर. माणूस वीस वर्षं नोकरी करतो, सियाचीनला जाऊन येतो, आणि कारण दोन शब्दांचं. ते दोन शब्द लाल पेनानं अधोरेखित करा.

त्याच भागात पुढं विचारलेलं असतं की हा आजार भरतीआधी होता का, आणि असल्यास भरतीच्या तपासणीत तो सापडणं शक्य नव्हतं का. तिथं ‘नो’ किंवा नुसती रेघ असेल तर बोर्ड स्वतःच कबूल करतंय की माणूस धडधाकट घेतला होता.

शेवटी टक्केवारी. इथं भलेभले गोंधळतात. एका ओळीत अपंगत्व वीस टक्के, आजन्म, असं लिहिलेलं असतं आणि खालच्या ओळीत ‘पेन्शनसाठी पात्र टक्केवारी: निल’. लोकांना वाटतं डॉक्टरांनी अपंगत्वच नाकारलं. तसं नसतं. अपंगत्व मान्य आहे, फक्त सर्व्हिसशी संबंध नाकारला म्हणून पेन्शनपुरती टक्केवारी शून्य झाली. म्हणजे ट्रायब्युनलमध्ये तुम्हाला अपंगत्व सिद्ध करायचं नाही, ते सरकारी डॉक्टरांनी आधीच सिद्ध करून ठेवलंय. भांडण फक्त कारणाच्या रकान्याचं.

कायदा तुमच्या बाजूनं काय म्हणतो

१९८२ चे एंटायटलमेंट रूल्स, म्हणजे पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम, आहेत. त्यातला नियम ५ म्हणतो की भरतीच्या वेळी कागदावर जो दोष नोंदलेला नाही, तो नव्हताच असं धरायचं. नियम ९ म्हणतो की पुराव्याचं ओझं जवानावर नाही आणि शंकेचा फायदा त्याला द्यायचा. नियम १४(ब) म्हणतो की नोंद नसलेला आजार साधारणपणे नोकरीतच झाला असं समजायचं. भरतीच्या तपासणीत तो ओळखता येण्यासारखा नव्हता असं डॉक्टरांचं मत असेल, तर त्याची कारणं द्यायला हवीत.

हे नियम पुस्तकात बरीच वर्षं होते. त्यांत जीव आला तो २ जुलै २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालानं. सिग्नल्सचा जवान, १९८५ ला भरती, १९९४ ला फिट्‌सच्या आजारानं बोर्डआउट, अपंगत्व वीस टक्के, पेन्शन शून्य. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी दिली, खंडपीठानं काढून घेतली, सर्वोच्च न्यायालयानं परत दिली. कारण साधं होतं: भरतीच्या कागदावर काही नोंद नाही आणि बोर्डानं कारण दिलेलं नाही. आज अपंगत्वाच्या कुठल्याही अर्जात हे नाव असतंच. २०१५ च्या राजबीर सिंग निकालानं तोच मुद्दा पक्का केला.

सरकारी वकील यावर एक हुकमी पान टाकतात: नियम २००८ साली बदलले, त्यांत ती जवानाच्या बाजूची भाषा तशी राहिली नाही, म्हणून नंतर रिटायर झालेल्यांना धरमवीर सिंग चालत नाही. २७ मार्च २०२५ च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयानं याला उत्तर दिलंय. केस मधुमेहाची, जवान २०१५ ला निवृत्त. आजाराचा सर्व्हिसशी संबंध नाही हे बोर्डानंच कारणांसह दाखवायचं. ‘लाइफस्टाइल’ म्हटलं किंवा आजार पीस स्टेशनला सुरू झाला म्हटलं की काम झालं असं नाही. पाठोपाठ ७ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या पीठानं राजूमन प्रकरणात कारणं न देणाऱ्या बोर्डाचं मत टिकत नाही असं ठरवलं. २००८ नंतर घरी आला असाल तर २०२५ चे हे दोन्ही निकाल धरमवीर सिंगच्या जोडीला लावा.

२१ सप्टेंबर २०२३ नंतर जे बाहेर पडले त्यांना मात्र त्या दिवसाचे नवे नियम लागतात. रिटायर होणाऱ्यांच्या रकमेचं नावही तिथं ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ झालंय. अशांनी जुन्या केसचा अर्ज नक्कल करून घालू नये. त्यांनी नव्या नियमांच्या अभ्यासू वकिलाकडेच जावं.

आणि जिथं बहुधा हरतात तेही सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. पूर्ण नोकरी करून रिटायर झालात आणि बोर्डानं वीस टक्क्यांपेक्षा कमी लिहिलंय, पंधरा किंवा अकरा ते चौदा, तर डिसेंबर २०१९ च्या एस. पी. राठोड निकालानंतर दार जवळजवळ बंद आहे. मुदतीआधी बोर्डआउट केलेल्यांचं वेगळं: २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालानुसार, ज्या आजारासाठी माणसाला नोकरीतूनच काढलं तो वीस टक्क्यांहून कमी म्हणता येत नाही. सुट्टीवर घरी असताना स्वतःच्या कामात झालेली जखमही अवघड. बहिणीच्या घरी पडून जखमी झालेल्या एका नाईकाची पेन्शन सर्वोच्च न्यायालयानं २०१५ ला नाकारली, कारण त्या पडण्याचा फौजेच्या कामाशी काही धागाच नव्हता. सुट्टीवरून ड्यूटीवर जाताना एसटीला अपघात झाला तर तो मात्र ड्यूटीत धरतात. म्हणून त्या दिवशीचं वॉरंट (फौजेचा प्रवासाचा पास) किंवा तिकीट आणि लीव्ह सर्टिफिकेट सोन्यासारखं जपा. मानसिक आजारात निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. ऑक्टोबर २०१९ च्या नरसिंग यादव प्रकरणात स्किझोफ्रेनियाच्या जवानाला नकार मिळाला. सरकार तो निकाल पुढं करणारच, तेव्हा आपण तो आधी वाचलेला बरा.

दोन अपिलं, मग ट्रायब्युनल

थेट ट्रायब्युनलला गेलात तर पहिला प्रश्न येतो: खात्यातले उपाय केले का? ट्रायब्युनलच्या कायद्याचं कलम २१ तेच विचारतं. म्हणून नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील करा. ते जातं अपेलेट कमिटी ऑन फर्स्ट अपील्सकडे, पण पाठवायचं रेकॉर्ड ऑफिसमार्फत. तिथं नकार आला तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं अपील, सेकंड अपेलेट कमिटी ऑन पेन्शनकडे. रजिस्टर पोस्टाची पावती अपिलाच्या प्रतीला टाचून ठेवा, वेगळी ठेवली की हरवते.

अपील हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, एका पानात. वीस वर्षांची कर्मकहाणी त्यात नको. भरतीच्या वेळी अमुक तारखेला मेडिकली फिट, कुठलीही नोंद नाही. आजार पहिल्यांदा अमुक साली अमुक ठिकाणी, सर्व्हिसच्या अमुकाव्या वर्षी. बोर्डानं टक्केवारी अमुक लावली. कारणाच्या रकान्यात फक्त एवढं लिहिलं. १९८२ चे नियम ५, ९, १४(ब) आणि धरमवीर सिंग यांच्याशी हे विसंगत आहे. सबब पेन्शन मंजूर करावी आणि टक्केवारी राउंड ऑफ करावी (म्हणजे काय ते पुढं सांगतो). एवढ्यावर थांबा.

अपील करून सहा महिने झाले तरी उत्तर नाही? मग उत्तराची वाट बघत बसण्याची गरज नाही. सहा महिने उलटले की उपाय संपला असं कायदा धरतो, आणि तिथून पुढचे सहा महिने ट्रायब्युनलला जायला मिळतात. नकार आलाच असेल तर त्या अंतिम आदेशापासून सहा महिने, कलम २२.

पण ज्याचं पत्र १९९९ चं आहे त्यानं काय करायचं? असे लोक आमच्याकडे दर पंधरवड्याला येतात, बहुधा शेजाऱ्याची मंजूर झाल्यावर. त्यांनी अर्जासोबत उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज जोडायचा, ज्याला मिसलेनियस ॲप्लिकेशन म्हणतात. पेन्शन दर महिन्याला बुडते, म्हणून दर महिन्याला नवं कारण तयार होतं, असा पवित्रा सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २००८ च्या तरसेम सिंग निकालात मान्य केलाय. त्याच निकालानं एक लगामही घातला: उशिरा आलेल्याला मागची थकबाकी अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती. आजही बहुतेक आदेशांत ती तीन वर्षांची रेघ दिसते. म्हणजे दर महिन्याच्या आळसाला दर महिन्याची किंमत आहे.

सशस्त्र सेना न्यायाधिकरण, आपण सगळे एएफटी म्हणतो, २००७ च्या कायद्यानं आलं आणि ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झालं. त्याआधी या केसेस उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं पडून असत. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी मुंबईचं खंडपीठ. शेवटचं युनिट काश्मिरात होतं म्हणून श्रीनगरला जावं लागत नाही. रिटायर माणूस जिथं कायम राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करू शकतो. घर निपाणीत असेल तर मात्र मुंबई नव्हे, कर्नाटक ज्या खंडपीठात येतं तिथं. पीठावर दोघं बसतात: एक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राहिलेले आणि एक मोठ्या हुद्द्यावरचे निवृत्त फौजी अधिकारी. हे दुसरे सदस्य फील्ड आणि पीसमधला फरक स्वतः जगलेले असतात. त्यांच्यासमोर सियाचीन म्हणजे काय ते समजावत बसू नका, पोस्टिंगची यादी तारखांसह जोडा.

जो अर्ज करायचा त्याला ओरिजिनल ॲप्लिकेशन म्हणतात, तोंडी भाषेत ओए. प्रतिवादी म्हणून भारत सरकारचा संरक्षण सचिव, सेनाप्रमुख, तुमचं रेकॉर्ड ऑफिस आणि प्रयागराजचं पेन्शन कंट्रोलर ऑफिस, ज्याला जुने लोक अजून अलाहाबादच म्हणतात. मराठी कागद जोडायचा असेल, म्हणजे गावच्या दवाखान्याचा दाखला वगैरे, तर इंग्रजी भाषांतरासह. मागणीच्या परिच्छेदात चार गोष्टी नीट मागा: नकाराचा आदेश रद्द करा, डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) द्या, तो राउंड ऑफ करा, थकबाकी व्याजासह द्या. राउंड ऑफ मागायचं राहिलं म्हणून पुन्हा दुसरी केस घालणारे लोक मी बघितलेत.

राउंड ऑफ म्हणजे काय ते आकड्यात सांगतो. पन्नास टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व पन्नास धरतात, पन्नास ते पंचाहत्तर हे पंचाहत्तर, त्यावरचं शंभर. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या तीस टक्के मिळतात. समजा शेवटचा पगार ४०,००० रुपये. वीस टक्के अपंगत्वाला हिशेबानं २,४०० रुपये. तेच पन्नास धरलं की ६,००० रुपये, वर महागाई भत्ता. सरकार हा फायदा फक्त बोर्डआउट झालेल्यांना देत होतं. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालानं तो पूर्ण नोकरी करून रिटायर झालेल्यांनाही लागू झाला. ज्यांना आधीपासून वीस टक्क्यांची पेन्शन मिळते त्यांनी पीपीओ काढून बघावा, कित्येकांचं राउंडिंग अजून झालेलं नाही.

जवान हयात नसेल तर त्याची पत्नी किंवा वारस तोपर्यंतच्या थकबाकीसाठी अर्ज करू शकतात. वीरपत्नींनी ‘आता माणूसच गेला’ म्हणून फाइल बंद करू नये.

वकील

ट्रायब्युनलमध्ये स्वतः उभं राहता येतं, कायद्यानं मुभा आहे. तरी वकील घ्या, पण तालुक्याला जमिनीच्या केसेस चालवणारा नको. पहिल्या भेटीत त्याला एकच विचारा: ‘माझ्या बोर्डाच्या कागदावर कारण काय लिहिलंय?’ त्यानं कागद न उघडता केस नक्की जिंकतो सांगितलं तर नमस्कार करून निघा. थकबाकीतले इतके टक्के मला, असा सौदा कोणी करत असेल तर तो बार काउन्सिलच्या नियमांना धरून नाही. आमच्याकडे एकानं थकबाकीचा मोठा वाटा असाच घालवला आणि वर पेढेही वाटले. फी आधी ठरवा आणि पावती घ्या.

पैसे नसतील तरी अडत नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात अपंग व्यक्ती आणि स्त्रिया यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.  जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. २०२५ पासून नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) वीर परिवार सहायता योजनाही त्यांच्यामार्फत चालते.

सरकारचं उत्तर आणि सुनावणी

नोटीस गेली की सरकार शपथपत्रावर उत्तर देतं. पहिली तारीख उत्तर द्यायला मुदत मागण्यात जाते, दुसरीही जाऊ शकते. त्यानं खचू नका. आलेलं उत्तर बहुधा छापील असतं: बोर्ड तज्ज्ञांचं आहे, त्याच्या मताला मान द्यावा, आजार जीवनशैलीचा आहे. त्यात तुमच्या एका तरी पोस्टिंगचा, एका तरी ड्यूटीचा उल्लेख आहे का ते शोधा. नसेल तर प्रत्युत्तरात तेवढंच लिहा. प्रत्येक मुद्द्याला तावातावानं उत्तर देत पंधरा पानं भरण्यात अर्थ नाही.

एक सावधगिरी. कधी कधी सरकारी बाजू नवीन बात काढते, की जवान सिगारेट ओढत होता, वजन जास्त होतं, घरी कलह होता. हे बोर्डाच्या मूळ कागदावर आहे का बघा. बोर्डानं त्या दिवशी जे कारण लिहिलं नाही, ते दहा वर्षांनी वकिलानं जोडून चालणार नाही, हा आपला मुद्दा. पण वजनाची नोंद कॅटेगरीच्या कागदावर खरंच वारंवार असेल तर केस कमजोर आहे. वकिलापासून ती लपवू नका.

खंडपीठ काही वेळा रीसर्व्हे मेडिकल बोर्डासमोर, म्हणजे पुन्हा तपासणीला, जायला सांगतं. बोलावणं आलं की जा, जुन्या गोळ्यांच्या चिठ्ठ्यांसकट जा. गैरहजर राहिलात तर पेन्शन तिथंच अडकते. अपंगत्व कायमचं ठरलेलं असेल तर २००१ च्या सरकारी पत्रापासून दर काही वर्षांनी पुन्हा बोर्ड करायची पद्धत बंद झाली आहे, हे माहीत असू द्या.

निकालानंतर

आदेश तुमच्या बाजूनं आला की लोक हारतुरे आणतात. जरा थांबा. आदेशात अंमलबजावणीची मुदत असते, बहुधा तीन किंवा चार महिने, आणि उशीर झाला तर व्याज. साक्षांकित प्रत हातात आल्याबरोबर रेकॉर्ड ऑफिस आणि प्रयागराज दोन्हीकडे स्वतः रजिस्टर पोस्टानं पाठवा. आत पाठवापाठवी होईल या भरवशावर राहू नका. मुदत संपली आणि नवा पीपीओ आला नाही, तर त्याच खंडपीठात एक्झिक्युशन ॲप्लिकेशन, म्हणजे आदेश अमलात आणण्यासाठीचा अर्ज, घालायचं. हे वेगळं काम आहे, वकिलाची फी ठरवताना त्याचंही बोलून घ्या.

सरकार वर जाऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयात जायचं तर त्यांना परवानगी लागते आणि सर्वसाधारण महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा दाखवावा लागतो. मार्च २०२३ च्या परशोत्तम दास निकालानंतर उच्च न्यायालयाचा रस्ता पुन्हा मोकळा झालाय, तुम्हालाही आणि त्यांनाही. ट्रायब्युनलमध्ये हरलात तर मुंबई उच्च न्यायालयात रिट करता येतं. जिंकलात आणि सरकार गेलं तर विचारा, स्थगिती मिळाली आहे का? नुसती याचिका दाखल झाली म्हणून आदेश थांबत नाही. ‘केस वर गेलीय’ एवढं ऐकून एक्झिक्युशन सोडून देणारे बरेच आहेत.

नवा पीपीओ आता स्पर्श या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर दिसतो. उघडून तीन आकडे ताडा: टक्केवारी राउंड ऑफ होऊन आली का, लागू तारीख आदेशातलीच आहे का, थकबाकीवर व्याज धरलंय का. व्याज विसरणं हे त्या मशीनचं आवडतं काम दिसतं. तफावत असेल तर स्पर्शवरच तक्रार नोंदवा, तिचा नंबर लिहून ठेवा, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, नाहीतर भांडून मिळवलेली रक्कम डिसेंबरात बंद पडते.